बारावीचे गुण ४५ टक्क्यांपुरते कसे उरले

पुण्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची कटऑफ यादी उघडली, की शाखेपुढे सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा पर्सेंटाइल (शंभरातल्या किती मुलांना तितके किंवा त्याहून कमी गुण पडले तो आकडा) दिसतो, बारावीचे गुण कुठेच दिसत नाहीत. बारावी घेणाऱ्या राज्य मंडळाचं मुख्य कार्यालय याच शहरात, भांबुर्ड्यात आहे. तरी सीईटी देणाऱ्या खुल्या गटातल्या मुलाला बारावीत पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ४५ टक्के पडले, आरक्षित गटातल्याला ४० पडले, की बारावीचं काम जवळजवळ संपतं.

पूर्वी असं नव्हतं. १९७० च्या दशकात बारावीची परीक्षा सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं जागा पीसीएमच्या ३०० गुणांवर मिळत. त्यात दोन अडचणी होत्या. मंडळं वेगवेगळी, त्यामुळे एका मंडळाचे ९० दुसऱ्याच्या ९० इतकेच मोलाचे आहेत असं म्हणता येत नसे. शिवाय प्रॅक्टिकलचे गुण कॉलेजच्या हातात. हात सैल सुटला की निकाल किती फुगतो, हे दहावीत उघड दिसलं. २०१९ ला भाषांसारख्या विषयांचे शाळेने द्यायचे २० अंतर्गत गुण काढले, तर २०१८ चा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला. ते गुण परत दिले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के लागला.

सीईटी आली ती या अडचणींवर उत्तर म्हणून. मधला एक प्रयोग मात्र नीट समजून घ्यायला हवा. २०१४ ला राज्याने इंजिनिअरिंगसाठी सीईटी थांबवून जेईई मेन ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आणि बारावी यांना निम्मा-निम्मा भार दिला. मंडळांतला फरक काढायला बारावीचे गुण थेट न घेता मंडळातल्या पर्सेंटाइलवरून समान पातळीवर आणले. कल्पना चांगली होती, पण जोडीची परीक्षा चुकली. जेईईचा अभ्यासक्रम आणि निगेटिव्ह मार्किंग राज्य मंडळाच्या मुलांना नवखं होतं. २०१६ ला इंजिनिअरिंगसाठी सीईटी परतली आणि बारावीचा निम्मा भारही त्याबरोबर गेला. चूक एका भागाची होती आणि काढला दुसराही. नुकसान झालं ते इथेच, असं आमचं मत आहे.

२०१९ पासून सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होते. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, गणित १००, एकूण २०० गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रश्न साधारण २० टक्के अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. समजा एका सत्रात २०,००० मुलं बसली आणि १५० किंवा त्याहून कमी गुण १९,६०० जणांना पडले, तर १५० चा पर्सेंटाइल ९८. दुसऱ्या सत्रात तेच १५० वेगळा पर्सेंटाइल देतील. पालक नेहमी चुकतात ते इथे : तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढतात. एकूण पर्सेंटाइल २०० पैकीच्या बेरजेवरून स्वतंत्र निघतो, सरासरीशी तो जुळेलच असं नाही.

बारावीला भार नाही म्हटल्यावर वर्ग ओस पडले. प्रवेश कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, अशी ‘इंटिग्रेटेड’ सोय रुजली. २०१८ मध्ये सरकारने पुण्यासह काही विभागांतल्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठा उमटवायला मूल येईल, पण जे गुण मोजलेच जात नाहीत त्यांच्यासाठी तासाला का बसेल?

२०२२ मध्ये पुढच्या वर्षापासून सीईटी आणि बारावीला ५०:५० भार देण्याची घोषणा झाली. २०२३ च्या याद्या निव्वळ सीईटीवरच लागल्या.

आज बारावीचे गुण पुन्हा उपयोगी पडतात ते दोघांचा एकूण पर्सेंटाइल तंतोतंत सारखा आला तरच. त्यातही आधी गणिताचा, मग फिजिक्सचा, मग केमिस्ट्रीचा पर्सेंटाइल बघतात. तोही सारखा निघाला, तर बारावी. पर्सेंटाइल दशांशाच्या सात स्थळांपर्यंत काढतात.