पासिंगची ई-स्कूटर की बिनपासिंगची?

दुकानात दोन ई-स्कूटर शेजारीशेजारी उभ्या असतात. तसाच एलईडी दिवा, तसाच डिजिटल मीटर, डिक्कीही जवळपास तेवढीच. एकीची किंमत मात्र बरीच कमी. वर विक्रेता सांगतो, "हिला लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको." निम्मी गिऱ्हाइकं तिथंच पटतात आणि पुढची भानगडही तिथंच सुरू होते. कायद्याच्या लेखी यातली एक मोटार वाहन आहे, दुसरी नाही.

ही सूट फुकटची नाही. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपर्यंत, अशा तिन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. त्या मॉडेलला एआरएआय किंवा आयकॅटसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्रही लागतं. त्याची झेरॉक्स मागा. का-कू केली, तर सरळ दुसरं दुकान गाठा. पासिंगच्या गाडीचं काम नेहमीसारखंच: सोलापूरच्या एमएच-१३ नंबरची हिरवी पाटी, लायसन, हेल्मेट आणि घेतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा.

खरी मेख आहे ती दुकानदाराच्या 'वेगाचं लॉक काढून देतो'मध्ये. सीटखालच्या कंट्रोलरमधून निघणारी एक बारीक वायर सोडवली की बऱ्याच गाड्या ४०-४५ ने पळू लागतात. मुलगा खूश, दुकानदारही खूश. पण त्या क्षणापासून ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन झाली. कुणाला धडक बसली तर भरपाई स्वतःच्या खिशातून. आणि चालवणारा पंधरा वर्षांचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्लासला जाणाऱ्या पोरासाठी गाडी घेणाऱ्यांनी एवढा एक परिच्छेद दोनदा वाचावा.

आता गाडी कुठं फिरणार ते बघा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या निवृत्त काकांना भाजी, बँक, फार तर सिद्धेश्वर मंदिर एवढंच करायचं असेल, तर २५ चा वेग पुरतो. नवी पेठेतल्या गर्दीत तसंही त्याहून जोरात कोण जातंय! पण चिंचोलीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यानं बिनपासिंगचा विचारही करू नये. पुणे हायवेवर शेजारून ट्रक सुसाट जात असताना २५ ने चालणं म्हणजे जिवाशी खेळ. मागं चादरींचा गठ्ठा बांधून फिरणाऱ्यालाही ती परवडत नाही. डबल सीट रेल्वे पुलाची चढण आली की २५० वॅटच्या आतल्या मोटरची दमछाक होते.

"एका चार्जिंगमध्ये किती जाते?" याचं उत्तर विक्रेत्याकडून घेण्यापेक्षा स्वतःच काढा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, भागिले हजार, म्हणजे बॅटरीत किती युनिट मावतात ते (एक युनिट म्हणजे हजार वॅट-अवर). ६० व्होल्ट, २८ अँपिअर-अवर म्हणजे पावणेदोनला थोडं कमी. पासिंगच्या गाडीची बॅटरी तीन युनिटची धरली आणि तिला किलोमीटरला ३०-३५ वॅट-अवर लागले, तर ८५ ते १०० किलोमीटर होतात, तेही बेतानं चालवली तर. अक्कलकोट इथून सुमारे ४० किलोमीटर. जाऊन-येऊन जमेल, पण फारसं शिल्लक राहणार नाही.

स्वस्त गाड्यांत अजून लेड ॲसिड बॅटऱ्या सर्रास दिसतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि उष्णतेनं या बॅटऱ्यांचं आयुष्य झपाट्यानं घटतं. लिथियमलाही ऊन मानवत नाही, पण ती कितीतरी जास्त वेळा चार्ज करता येते. गाडी सावलीत लावा आणि दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली प्लग नसेल, तर बॅटरी काढून वर नेता येते का, तेही बघा. लेड ॲसिडचा जडशीळ सेट रोज जिन्यानं चढवणं होत नाही.

लेड ॲसिडचीच घ्यायची ठरली, तर बॅटरीचा नवा सेट केवढ्याला पडेल हे आजच विचारा आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवूनच पासिंगच्या गाडीशी तुलना करा.