रेडीत बिअर महाग, तेरेखोलला स्वस्त: फरक आला कुठून?

सिंधुदुर्गातल्या रेडीहून तेरेखोलच्या किल्ल्यावर जायला होडी लागत नाही, पूलही लागत नाही. तेरेखोल नदी दक्षिणेला राहते आणि तरी आपण गोव्यात शिरतो, कारण १७४६ साली पोर्तुगीजांनी हा किल्ला वाडीकर सावंतांकडून जिंकून घेतला. माड तेच, मासळी तीच, बोलीही फारशी बदलत नाही. बिअरचा भाव मात्र बदलतो. सिंधुदुर्गात येणारे पर्यटक ‘इथले बारवाले लुटतात’ म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. या फरकाचा मोठा भाग कायद्यांनी पाडला आहे, आणि तोही टप्प्याटप्प्याने.

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी (दारूवरच्या कराचा) कायदा आला आणि माडीच्या झाडांवरही कर बसला. त्याच वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार होऊन दोन्हीकडची जकात नि अबकारी एका मापात आणायचं ठरलं. तो करार १८९२ मध्ये संपला.

खरी फारकत स्वातंत्र्यानंतरची. राज्यघटनेने दारू आणि तिच्यावरचा कर हे दोन्ही विषय राज्यांकडे सोपवले. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. १९६१ मध्ये तो मुक्त झाला, १९६४ मध्ये त्याचा स्वतःचा अबकारी कायदा आला, पण दारूबंदी तिथे आलीच नाही. महाराष्ट्राने साठच्या दशकात बंदी सैल केली, कायदा मात्र रद्द केला नाही. आजही प्यायला परवाना लागतो तो त्याच कायद्याखाली. सगळी गोम इथेच आहे, असं माझं मत आहे: एका राज्याने दारूला आवरायची गोष्ट मानून कर लावला, दुसऱ्याने चालता धंदा मानून. २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी पिण्याची दारू त्याबाहेरच राहिली, त्यामुळे दर एक होण्याची तीही वाट बंद झाली.

मग एकाच जिल्ह्यात, मालवण आणि कणकवलीत, भाव वेगळे का? दुकानदाराला छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. परमिट रूममध्ये बसून प्यायलात तर दर मालक ठरवतो, कारण तिथे जागा, नोकर, फ्रीजची वीज हे सगळं त्या बाटलीवरच काढायचं असतं. परवान्याचं वार्षिक शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. पावसाळ्यात किनारा ओस पडला, तरी ते भरावंच लागतं. शिवाय बिलाच्या तळाशी व्हॅटची ओळ असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला.

सर्वांत कोंडी होते ती सीमेलगतच्या बांद्याच्या परमिट रूमवाल्याची. गोव्यातलं पत्रादेवी हाकेच्या अंतरावर, गिऱ्हाईक तिकडेच वळतं. तिथल्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. ती बाटली घेऊन परत आलं, तर इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासली जाते आणि गुन्हा नोंदवला जातो तो १९४९ च्याच कायद्याखाली.