पहिला छोटा ट्रॅक्टर घेताना : अश्वशक्ती, वजन आणि माती

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. एवढ्या क्षेत्रासाठी 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दारात उभा करणे हिशेबात बसत नाही, आणि वर्षातील मोजक्या दिवसांच्या कामासाठी बैलजोडी बारा महिने सांभाळणेही आता पुष्कळांना जमत नाही. त्यामुळे 15 ते 30 अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांकडे, विशेषतः द्राक्ष, डाळिंब आणि ऊस पट्ट्यातील शेतकऱ्यांचा ओढा वाढला आहे. विक्रेत्याकडे गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती एचपीचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावरून हा ट्रॅक्टर आपल्या जमिनीत काय ओढू शकेल हे कळत नाही. ते कळण्यासाठी ट्रॅक्टरचे वजन आणि आपल्या मातीचा प्रकार हे दोन्ही विचारात घ्यावे लागतात.

एक साधे गणित करून पाहू. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यासाठी जी शक्ती लागते तिला एक अश्वशक्ती म्हणतात. आता भारी काळ्या जमिनीत 30 सेंटिमीटर रुंदीचा एकच पलटी नांगर 20 सेंटिमीटर खोल चालवायचा आहे असे समजा. ताशी 4 किलोमीटर वेगाने तो ओढण्यासाठी साधारण 450 किलोची ओढ लागते. हा वेग सेकंदाला 1.1 मीटर इतका आहे. म्हणून 450 ला 1.1 ने गुणून 75 ने भागले की उत्तर येते सुमारे साडेसहा अश्वशक्ती. यावरून 15 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने हा नांगर सहज ओढायला हवा असे वाटते. प्रत्यक्षात तो शेतात जागीच चाके फिरवत राहतो.

याचे कारण इंजिनात शोधून सापडत नाही. ट्रॅक्टर पुढे जातो तो चाकांनी जमिनीला मागे रेटल्यामुळे, आणि चाक जमिनीला किती जोराने रेटू शकते हे त्या चाकावर किती भार आहे यावर ठरते. नांगरटीच्या जमिनीत ही ओढ चाकांवरील भाराच्या साधारण निम्मी, आणि भुसभुशीत जमिनीत त्याहूनही कमी असते. सुमारे 800 किलो वजनाच्या टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांनी ओढणाऱ्या, ट्रॅक्टरचे 60 टक्के वजन मागच्या चाकांवर धरले, तर ते 480 किलो होते. त्याची निम्मी ओढ म्हणजे 240 किलो. नांगर मागची चाके खाली दाबतो म्हणून आणखी थोडी भर पडेल, तरीही 450 किलोचा पल्ला गाठणे शक्य नाही. शक्ती शिल्लक असते, पण पकड संपलेली असते. तोच ट्रॅक्टर पाच फणांचा कल्टिव्हेटर आधी नांगरलेल्या जमिनीत 10 सेंटिमीटर खोल ओढू शकतो, कारण त्या कामाला साधारण 200 किलोची ओढ पुरते.

नांगराची ओढ मागच्या चाकांवर भार म्हणून वळवण्याची युक्ती आयरिश अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आणली, आणि तीन बिंदूंवर अवजार जोडण्याची त्यांची पद्धत आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसते. अवजारावरचा ताण वाढला की लिफ्ट, म्हणजे अवजार वर-खाली करणारी यंत्रणा, आपोआप किंचित वर उचलली जाते. त्यामुळे अवजाराचा ताण कमी होतो आणि त्याचा काही भार चाकांवर येतो. माहितीपत्रकात याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. छोटा ट्रॅक्टर घेताना तो आहे की नाही हे आवर्जून विचारावे, कारण हलक्या यंत्राला त्याची गरज जड यंत्रापेक्षा जास्त असते.

पकड सुटते आहे की नाही, हे शेतातच मोजता येते. मागच्या टायरवर खडूने खूण करावी, अवजार वर उचलून चाकाच्या बरोबर 10 फेऱ्या होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि सुरुवातीच्या व शेवटच्या जागी काठ्या रोवाव्यात. मग अवजार जमिनीत घालून तेच अंतर कापताना फेऱ्या मोजाव्यात. साडेअकरा फेऱ्या झाल्या, तर घसरण सुमारे 13 टक्के आहे, आणि टू-व्हील ड्राइव्हच्या ट्रॅक्टरसाठी 10 ते 15 टक्के घसरण योग्य मानली जाते. फेऱ्या 13 किंवा 14 झाल्या, तर डिझेलचा मोठा हिस्सा टायर आणि माती घासण्यात जातो आहे, आणि अवजार उथळ करणे किंवा चाकांवर वजन वाढवणे एवढेच मार्ग उरतात. टायरमध्ये पाणी भरणे हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

रोटाव्हेटरची गोष्ट मात्र उलटी आहे. त्याची पाती चाकांच्याच दिशेने फिरत माती कापतात आणि कापता कापता ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. म्हणजे ओढ जवळपास लागतच नाही आणि इंजिनाची शक्ती पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या, दांड्यातून थेट मातीत उतरते. हलका ट्रॅक्टर 3 फुटी रोटाव्हेटरने सुरेख काम करतो, आणि तोच नांगराला जुंपला की हतबल होतो, याचे कोडे इथे सुटते. फवारणीचा ब्लोअरही असाच पीटीओवर चालतो. माझे मत असे की छोट्या ट्रॅक्टरकडून फवारणी, आंतरमशागत, रोटाव्हेटर आणि उसाची बाळबांधणी एवढी कामे घ्यावीत आणि वर्षा-दोन वर्षांनी लागणारी खोल नांगरट गावातील मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्यावी. एका नांगरटीसाठी दुप्पट मोठे यंत्र विकत घेणारा शेतकरी उरलेले वर्षभर त्या यंत्राचे हप्ते फेडत बसतो. रोटाव्हेटर मात्र वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चालवत राहू नये. पात्यांच्या खाली घट्ट थर तयार होतो आणि पाणी तिथेच अडते.

अवजार पीटीओवर चालणार असेल, तर इंजिनाच्या अश्वशक्तीऐवजी पीटीओवर किती अश्वशक्ती मिळते हा आकडा पाहावा. गिअरमधील घर्षणात काही भाग खर्च होतो, त्यामुळे हा आकडा नेहमीच कमी असतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रे तपासणारी संस्था आहे आणि तिच्या चाचणी अहवालांत पीटीओची शक्ती, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता असे सगळे मोजून दिलेले असते. अशा सरकारी चाचण्यांची सुरुवात ग्राहकांच्या संतापातून झाली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर या शेतकरी आमदाराला निकृष्ट ट्रॅक्टरांचा इतका मनस्ताप झाला, की त्याच्या पुढाकाराने 1919 मध्ये चाचणीशिवाय ट्रॅक्टर विकण्यास मनाई करणारा कायदाच झाला. आपल्याकडे विक्रेत्याला अहवाल मागणारे ग्राहक अजून थोडेच आहेत.

पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला 540 फेरे असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट क्लचची. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पायाने क्लच दाबला की चाके आणि पीटीओ दोन्ही थांबतात. द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला वळताना किंवा गिअर बदलताना ब्लोअरचा पंखा मंदावतो, फवाऱ्याचा दाब उतरतो आणि पुन्हा गती येईपर्यंतच्या चार वेली कोरड्या राहतात. दुहेरी क्लच असेल, तर चाके थांबवूनही पीटीओ चालू ठेवता येतो. फवारणीवरच ज्यांचे पीक अवलंबून आहे त्यांनी यासाठी चार पैसे जास्त मोजण्यास हरकत नाही.

आता मातीकडे वळू. वजन कमी असल्याने ओढ घटते हे आपण पाहिले, पण त्याच कमी वजनाचा बागेत फायदा होतो. टायर जमिनीला टेकतो तिथे वरच्या थरावर पडणारा दाब टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो, असे ढोबळमानाने म्हणता येते. तो दाब किती खोलवर पोहोचतो हे मात्र आसावरील एकूण भारावर ठरते. म्हणून रुंद टायर आणि कमी हवा वरचा थर वाचवतात, पण जड ट्रॅक्टरचा भार मुळांच्या पातळीपर्यंत जाणे त्यांनी थांबत नाही. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच ओळीतून, त्याच चाकोरीतून पुन्हा पुन्हा फेऱ्या होतात, आणि चाकोरीखालची माती दगडासारखी होत जाते.

काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि ओली असताना सर्वाधिक दबते. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आल्याशिवाय शेतात औत घालू नये हा जुना नियम त्यासाठीच आहे : मशागतीच्या खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा, कमरेच्या उंचीवरून टाकावा आणि तो फुटला तर वाफसा आहे असे समजावे. अडचण अशी, की द्राक्षावरील केवडा, ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात, तो पावसाळी ओल्या हवेतच फैलावतो. म्हणजे फवारणी तातडीने हवी असते नेमकी त्याच दिवशी, ज्या दिवशी ओळीत चाक घालू नये. हा पेच पूर्ण सुटत नाही. हलका ट्रॅक्टर, टाकीत अर्धेच पाणी आणि फोर-व्हील ड्राइव्ह या तिन्हींनी तो सौम्य होतो, आणि छोट्या ट्रॅक्टरला फोर-व्हील ड्राइव्ह घेण्याचे माझ्या मते हेच सर्वांत सबळ कारण आहे. चारही चाके ओढत असल्याने ट्रॅक्टरचे सगळे वजन पकडीसाठी वापरले जाते आणि एकाच चाकाने जागेवर फिरून खड्डा पाडण्याचा प्रकार कमी होतो. मात्र या ट्रॅक्टरांत पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. मऊ जमिनीत हा फरक घसरणीत जिरतो, पक्क्या रस्त्यावर तो गिअर आणि टायर यांना त्रास देतो. म्हणून डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-व्हील बंद करावी, आणि टायर बदलताना पुढच्या-मागच्या मापांचे मूळ प्रमाण मोडू नये.

रुंदीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ओळींतील अंतर मोजून घ्यावे, फांद्यांचा पसारा त्यातून वजा करावा आणि ट्रॅक्टरबरोबर सर्वांत रुंद अवजारही मोजावे. पुष्कळदा अडते ते अवजारच. मागच्या चाकांमधील अंतर कमी-जास्त करता येते का हेही विचारावे, कारण उसाच्या सरीत आणि डाळिंबाच्या बागेत एकच मांडणी सोयीची पडत नाही.

लिफ्टची क्षमता हा माहितीपत्रकातील सर्वांत फसवा आकडा. तो बहुधा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो, तर ब्लोअरच्या टाकीचे वजन त्याच्याही मागे असते. शिवाय लिफ्टने वजन उचलले म्हणजे ट्रॅक्टरने ते पेलले असे होत नाही. पाण्यासकट 350 किलोचा ब्लोअर मागच्या आसापासून 90 सेंटिमीटर मागे लटकतो आणि दोन्ही आसांतील अंतर दीड मीटर आहे असे धरा. मागचा आस तराजूच्या काट्यासारखा वागतो आणि पुढच्या चाकांवरचा भार 210 किलोने कमी होतो. 800 किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात 320 किलो होते, त्यातले 110 उरले. स्टीअरिंग हलके वाटू लागते आणि चढावर चाके उचलली जातात. बंपरवर पुढची वजने लावणे हा उपाय आहे. ती स्वतंत्र विकत घ्यावी लागतात का, हे सौदा ठरण्यापूर्वीच विचारावे.

ट्रॉलीच्या बाबतीत धोका नेमका उलट बाजूने येतो. सपाट पक्क्या रस्त्यावर 2 टनांची ट्रॉली ओढायला पन्नास-साठ किलोची ओढ पुरते, त्यामुळे छोटा ट्रॅक्टर ती विनासायास ओढतो आणि चालकाचा आत्मविश्वास वाढतो. उतारावर ब्रेक दाबताना मात्र ट्रॅक्टरच्या 800 किलोंना स्वतःबरोबर त्या 2 टनांनाही थांबवावे लागते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ती मागून रेटते आणि वळणावर ट्रॅक्टरला आडवे फिरवते. इंजिन किती ओढते यावरून ट्रॉलीचे माप ठरवू नये. सर्वांत तीव्र उतारावर काय थांबवता येईल यावरून ते ठरवावे.

इंजिनाच्या सिलिंडरांवरून गावोगावी जोरदार वाद होतात. एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणून धक्के जाणवतात आणि ते सौम्य करायला जड फ्लायव्हील लागते. पण सुटे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी. तीन सिलिंडरांचे इंजिन शांत चालते आणि दिवसभर बसणाऱ्याची कंबर वाचवते. माझ्या लेखी यापेक्षा हवेच्या फिल्टरची निगा महत्त्वाची, कारण रोटाव्हेटरच्या धुळीत कोणतेही इंजिन फिल्टरवाचून टिकत नाही.

बागेत काम करणारे बहुतेक जण चालकाच्या मागची संरक्षक चौकट काढून ठेवतात, कारण ती मांडवाच्या तारांना अडते. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू घटत गेले. मागे उलटणारा ट्रॅक्टर सावरण्याची वेळ एका सेकंदाहूनही कमी असते. तेवढ्यात माणसाचा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. दुमडता येणारी चौकट मिळत असेल, तर तीच घ्यावी. मांडवाखाली दुमडावी आणि बांधावर, उतारावर, रस्त्यावर पुन्हा उभी करावी. चौकट उभी असताना पट्टा बांधावा, आणि दुमडलेली असताना बांधू नये, कारण तेव्हा पट्टा माणसाला उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली अडकवून ठेवतो.