किडनी पेशंटचं ‘रक्त कमी’ आणि थकवा

आमच्या मेडिकलमधून डायलिसिसची औषधं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

‘यांचं एचबी (हिमोग्लोबिन) सातवर आलंय, रक्तवाढीचं चांगलंसं टॉनिक द्या.’ काउंटरवर हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पेशंट किडनीचा असेल तर आम्ही टॉनिकची बाटली काढत नाही, आधी रिपोर्ट बघायला मागतो. काही जणांना त्याचा राग येतो. म्हणून हे पत्रक.

रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात, पण ‘तयार करा’ हा निरोप जातो किडनीकडून. या निरोपाचं नाव एरिथ्रोपोएटिन. किडनी निकामी होत जाते तसा निरोपही कमी होतो, आणि मगज धडधाकट असूनही कामाविना बसून राहतो. एरवी तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, किडनी फेल झालेल्यांच्या अंगात ती त्याआधीच संपते. शिवाय प्रत्येक डायलिसिसला फिल्टरमध्ये आणि नळ्यांत थोडं रक्त अडकून राहतं, तपासण्यांना जातं ते वेगळं. अशा थेंबाथेंबानं वर्षाला एक-दोन ग्रॅम लोह अंगातून निघून जातं, आणि एवढं लोह पोटातून भरून येत नाही.

डॉक्टर जे इंजेक्शन लिहून देतात, ज्याला सगळे ‘एपो’ म्हणतात, तो हाच निरोप बाहेरून दिलेला असतो. १९८९ पासून हे औषध वापरात आहे. साधं एपो बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. डार्बेपोएटिन हा त्याचाच जास्त टिकणारा प्रकार, तो आठवड्यानं किंवा पंधरवड्यानं चालतो. २०२२ पासून आपल्याकडे डेसिडुस्टॅट नावाची गोळीही मिळते. यातलं कोणतं घ्यायचं ते नेफ्रॉलॉजिस्टनं (किडनीच्या डॉक्टरनं) ठरवायचं, आमच्याकडे स्वस्त काय मिळतंय यावरून नव्हे. पहिल्या इंजेक्शननंतर चार दिवसांत तरतरी येईल अशी आशा धरू नका. एचबी वर सरकायला दोन ते सहा आठवडे जातात.

इंजेक्शन चालू आहे, तरी एचबी हलत नाही? बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं. निरोप पोचला, पण माल नाही. म्हणून फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला मोकळं असलेलं लोह) या दोन्ही तपासण्या लागतात. नुसतं फेरिटिन फसवतं: डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीला (कॅथेटरला) जंतुसंसर्ग झाला असेल तर ते उगाच वाढलेलं दिसतं. डायलिसिसवरच्या पेशंटला लोह बहुधा शिरेतूनच देतात, मशीन चालू असतानाच. ज्यांना गोळी लिहून दिलीय त्यांनी ती चहाबरोबर घेऊ नये. कॅल्शियमच्या किंवा फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळीपासूनही दोन तास लांब ठेवावी. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड एकदा तपासून घ्या, शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच.

एचबी किती हवं? निरोगी पुरुषाला १३ आणि बाईला १२ च्या खाली गेलं की कमी धरतात. पण एपो घेणाऱ्या डायलिसिसच्या पेशंटचं साधारण १० ते ११.५ ठेवतात, आणि हे मुद्दाम. इंजेक्शनच्या जोरावर १३ च्या पुढे नेलेल्यांना अर्धांगवायू आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला तर ‘आता कुठे बरं वाटायला लागलं होतं’ म्हणून जुन्या चिठ्ठीवर जास्तीचं इंजेक्शन मागू नका. आम्ही देणार नाही. एपोनं बीपीही वाढतं, तेव्हा घरी मशीन असेल तर आकडे वहीत लिहा. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे धूसर झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका.

रक्ताची बाटली चढवून मोकळं व्हायचा आग्रह नातेवाइकांकडून फार होतो. जीवावर बेतलं असेल तेव्हा ती लागतेच. पण पुढे किडनी बदलायचा विचार असेल तर परक्या रक्तामुळे शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

आता खाण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान मायेपोटी इथेच होतं. बीट, खजूर, डाळिंब, पालक, गूळ-शेंगदाणे ही आपली रक्तवाढीची ठरलेली यादी. किडनी फेल झालेल्याच्या अंगात यातलं पोटॅशियम साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या: १०० ग्रॅम द्राक्षांत पोटॅशियम साधारण २०० मिलिग्रॅम, तेवढ्याच मनुक्यांत साधारण ७५०. म्हणजे हंगामात चार-सहा द्राक्षं डॉक्टरांना विचारून चालतील, पण निफाडहून पाहुण्यांनी आणलेल्या मनुकांच्या पिशवीला पेशंटनं हात लावू नये. बीटाचा रस दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्याच्या हिशेबातही धरावा लागतो, ते वेगळंच.

इंजेक्शन नेताना. एपो २ ते ८ अंशांत राहायला हवं. उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा, येवल्याकडे एसटीनं जाणाऱ्यांनी थर्मोकोलची पेटी आणावी, बर्फाची जेल आम्ही घालून देतो. सिरिंज बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कागद किंवा फडकं ठेवा. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, कारण तिथलं तापमान सारखं बदलतं. आणि फ्रीजरच्या खालच्या ट्रेमध्ये तर मुळीच नको. गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर चांगलं दिसतं, पण वाया गेलेलं असतं. जोरात हलवूही नका.

एचबी १०.५ आहे आणि तरीही जिना चढवत नाही, असंही होतं. मग कारण रक्तात नसेल. डायलिसिसचा एखादा वार चुकवलेला असतो, चार तासांचं साडेतीन करून घेतलेलं असतं, दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी जास्त झालेलं असतं, किंवा रात्री पाय वळवळतात म्हणून झोपच नसते. मन खचलेलं असतं हेही आम्ही पाहतो. ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका. डायलिसिसच्या दिवशी गळून जाणं बऱ्याच जणांना होतं. त्या दिवशी आराम करा, मधल्या दिवशी सोसायटीत झेपतील तेवढ्या फेऱ्या मारा. मात्र छातीत दुखणं, आडवं पडल्यावर धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी शौचास होणं, यात थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

जिल्हा रुग्णालयात किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस चालू असेल तर एपो आणि लोह तिथूनच मिळतं का, हे सेंटरवर आधी विचारा, मग आमच्याकडे या. येताना शेवटचा रिपोर्ट आणि चालू चिठ्ठी आणा. एपोची सिरिंज एकदा दुकानाबाहेर गेली की पावती असली तरी परत घेत नाही, कारण मधल्या काळात ती किती तापली ते कुणालाच कळत नाही. तेव्हा दोन-तीन महिन्यांची एकदम नेऊ नका, डोस मध्येच बदलतो.