निवासी भागातील गोठे (बेळगाव सीमाभाग)

राहत्या घराच्या आवारात गाई-म्हशी, बैल, शेळ्या किंवा कोंबड्या पाळण्याची रीत, आणि जमिनीचा वापर ठरवणाऱ्या यंत्रणांनी त्यावर घातलेली बंधने. बेळगाव शहर, शहराला येऊन भिडलेली गावे आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत हा प्रश्न वारंवार उभा राहतो. त्याकडे पाहताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी: इथे बहुतेक ठिकाणी गोठा आधी होता, वसाहत नंतर आली.

वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, येळ्ळूर, कंग्राळी या भागांतल्या जुन्या शेतकरी घरात गोठा वेगळा नसे. पुढे गुरांची दावण, मग सोपा (ओसरी), आत माजघर, मागे परसू. गुरे आणि माणसे एकाच दारातून आत-बाहेर करत. भाताची मळणी झाली की गवताची गंजी रचायची, वर्षभर ते गुरांना घालायचे, आणि गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, साठलेले शेण उन्हाळ्यात शिवारात न्यायचे. हे चक्र शेतीवर चालते. गवळ्यांचे तसे नाही. त्यांच्याकडे जमीन नसते किंवा थोडी असते. वैरण विकत घ्यायची, दूध रतीबाने घालायचे, म्हणून म्हैस गिऱ्हाइकाजवळच हवी. बेळगावातल्या गवळी गल्लीचे नाव याच व्यवसायाचे. दिवाळीच्या पाडव्याला चव्हाट गल्ली, कॅम्प आणि इतर भागांत म्हशी रंगवून, सजवून रस्त्याने पळवल्या जातात. त्या दिवशी ज्या म्हशींचे कौतुक होते, त्यांच्याच शेणाबद्दल वर्षभर तक्रारी जातात.

कायद्याची चौकट अनेक पदरी आहे. जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग कर्नाटक नगरनियोजन कायदा १९६१ खाली ठरतात. बेळगावात हे काम नगरविकास प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘बुडा’, करते. शेतजमिनीचे एनए (बिगरशेती) करायचे तर कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ लागतो. आरोग्य, गटारे आणि जनावरांचा उपद्रव हे विषय महापालिका हद्दीत १९७६ च्या महापालिका कायद्याखाली येतात, खेड्यांत १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली. कॅम्पात छावणी परिषदेचा अंमल असून तिथे २००६ चा छावणी कायदा लागू होतो. परिणामी, अर्ध्या तासाच्या चालीत माणूस तीन वेगवेगळ्या अधिकारांखालून जातो. हिंडलगा, कंग्राळीसारख्या गावांत कारभार ग्रामपंचायतीचा, पण जमिनीच्या वापराचा आराखडा बुडाचा.

यात सर्वांत कमी चर्चा होते ती एका केंद्रीय नियमाची. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खालचे १९७८ चे गोठा नोंदणी नियम एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांना लागू आहेत, आणि नफ्यासाठी पाच किंवा अधिक गुरे ठेवणाऱ्या जागेची नोंदणी त्यांत सांगितली आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर होती. दोन म्हशींचे घर आणि वीस म्हशींचा तबेला एक नव्हे, ही समज या नियमात आहे. स्थानिक निर्णयांतही ती उतरायला हवी. ‘निवासी भागात जनावरे नकोत’ असे सरसकट म्हटले की छोट्या शेतकऱ्याचा जोडधंदा सगळ्यांत आधी मोडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दुग्धशाळा घरांपासून किमान २०० मीटर आणि शाळा-दवाखान्यांपासून ५०० मीटर दूर असावी असे सुचवले. गजबजलेल्या गल्लीत हे अंतर पाळणेच अशक्य. तरीही त्यामागची अडचण खरी आहे. मोठे जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. शेतकऱ्याकडे ते गायरीत जाते. शेत नसलेल्या गोठ्यातून ते पाण्याबरोबर गटारात आणि तिथून नाल्यात जाते. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून वडगाव-शहापूर शिवारातल्या भातात शिरतो, तेव्हा त्या पाण्यात शहराची सगळी घाण असते. डास, दुर्गंधी, तुंबलेली गटारे यांचा त्रास शेजारच्या घरांना सोसावा लागतो. त्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. शेण रोज उचलून शेतापर्यंत पोचवण्याची सोय केली, तर निम्मे भांडण मिटेल. पण शिवारच आटत चालले आहे. प्लॉट पडले, हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन गेली; वैरणही तिथूनच येत होती.

मोकाट गुरांसाठी कोंडवाडा असतो; ती व्यवस्था १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याइतकी जुनी. शेळ्या-कोंबड्यांची तक्रार सहसा शेजारीपाजारी मिटते. गंभीर उपद्रवात दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ च्या कलम १५२ खाली तो हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात, आणि त्या आदेशाविरुद्ध हजर होऊन कारण दाखवण्याचा हक्क गोठेवाल्याला असतो.

हा हक्क बजावायचा तर आधी कागद वाचता आला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे कार्यालयीन व्यवहार कन्नडमध्ये झाला. जमीन-वापराच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरलेल्या मुदतीतच हरकत घ्यायची असते. फक्त मराठी शिकलेल्या वयस्क शेतकऱ्याला आपले परसू आराखड्याच्या नकाशात कोणत्या रंगाच्या पट्ट्यात, म्हणजे कोणत्या विभागात, गेले हे पुष्कळदा मुदत संपल्यावर, कुणाकडून तरी नोटीस वाचून घेतल्यावर कळते. भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते. मराठी कागदपत्रांची सीमाभागातली मागणी याच आधारावर आहे.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या धनगर-गवळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वाड्यांवर म्हशी घराला लागूनच असतात, आणि तिथे बंधन येते ते वनखात्याचे. भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून चराईचा प्रश्न तिथे अधिक कडक झाला.