पत्रा उडतो वाऱ्याने, पण सुटतो स्क्रूपाशी

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात वळवाचा तडाखा बसला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते : कारखान्याचे पत्रे उडाले. अक्कलकोट रस्त्यावरची एमआयडीसी असो, चिंचोळी असो, नाहीतर गावातली यंत्रमागाची जुनी शेड असो. बातमी वाचून लोक म्हणतात, पत्रा हलका होता, जाड घेतला असता तर टिकला असता. शेड बांधणारे मालकही असाच विचार करतात. पत्र्याच्या जाडीवर घासाघीस होते, आणि तो धरून ठेवणारे स्क्रू मात्र ठेकेदार आणेल ते चालतात. माझ्या मते शेडच्या कामातली सर्वांत महागात पडणारी काटकसर हीच.

हिशेब करून बघू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण साडेचार ते पाच किलो भरते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब त्याच एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो. वेग दुप्पट झाला, तर हा दाब चौपट होतो. पाचाऐवजी सात किलोचा पत्रा आणला, तरी ४७ किलोपुढे दोन किलोंनी काय फरक पडणार? जाड पत्र्याचे फायदे वेगळे आहेत : तो पायाखाली चेपत नाही, स्क्रूभोवती उशिरा फाटतो. पण स्वतःच्या वजनाने तो जागेवर बसून राहील, ही आशा सोडलेली बरी.

शिवाय वारा पत्र्याला वरून दाबण्यापेक्षा वर ओढतो जास्त. कमी उताराच्या छपरावरून जाताना हवा कडेला आपटून वर फेकली जाते आणि छपरालगत हवेचा दाब घटतो. कोपऱ्यांवर तर भोवरे तयार होतात, तिथली ओढ मधल्या भागाच्या दीड-दोन पट, कधी त्याहूनही जास्त असते. त्यात वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे राहिले, तर आत शिरलेली हवा खालून रेटते. वर ओढ आणि खालून रेटा अशी दोन्ही बळे एकत्र येतात. म्हणून आभाळ भरून आले, की वाऱ्याकडचे शटर आधी ओढून घ्यावे. या एका गोष्टीने छपरावरचा भार खरोखरच कमी होतो.

याच कारणाने वळचण, आढे आणि कोपरे इथे स्क्रू दाट हवेत. कैच्यांवर, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर, जे आडवे पोलादी वासे टाकतात, ज्यांना कामगार पर्लिन म्हणतात, तेही कडेच्या पट्ट्यात जवळजवळ घ्यावे लागतात. प्रत्यक्षात मात्र अनेक शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच अंतराने स्क्रू मारलेले दिसतात.

स्क्रू तुटून पत्रा उडाला, असे क्वचितच घडते. स्क्रू वाशात तसाच राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्याभोवती फाटून निघून जातो. वाऱ्याचे झोत कमी-जास्त होत राहतात, पत्रा फडफडतो, आणि स्क्रूभोवतीचा धातू पुन्हा पुन्हा वाकतो. तार मागेपुढे वाकवत राहिलो की ती तुटते, तसेच हे. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले. नंतरच्या तपासात दिसून आले, की असंख्य पत्रे स्क्रूंच्या डोक्याभोवती असेच थकून फाटले होते. एकदाच जोर लावून घेतलेल्या चाचणीत टिकलेला पत्रा वारंवारच्या हेलकाव्यांत टिकेलच असे नाही, हा धडा तिथल्या अभियंत्यांनी घेतला. सोलापूरला चक्रीवादळाची धास्ती नाही, पण थकवा वर्षावर्षांच्या वळवांतून थोडा थोडा साठत जातो.

आता तो स्क्रू हातात घेऊन नीट बघा. टोकाला ड्रिल, मग आटे, वर षट्कोनी डोके, आणि डोक्याखाली धातूच्या चकतीला चिकटलेला काळ्या रबराचा वॉशर. चांगला वॉशर ईपीडीएम रबराचा असतो, उन्हात तो लवकर तडकत नाही. स्क्रू बरोबर आवळला, की चकतीच्या कडेला रबराची बारीकशी किनार सगळीकडून सारखी दिसते. सैल राहिला, तर वॉशर बोटाने फिरतो. जास्त आवळला, तर रबर ओठासारखे बाहेर येते, चकती वाटीसारखी खोलगट होते, पत्र्याला खड्डा पडतो आणि पावसाचे पाणी नेमके तिथेच साचते. तिरका बसला, तर एका बाजूला रबर चेपलेले आणि दुसऱ्या बाजूला फट. घाईत इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून धडाधड मारलेल्या स्क्रूंत हे सगळे प्रकार एकाच रांगेत सापडतात. आवळण्याची मर्यादा ठरवता येते अशी स्क्रूगन वापरली, तर हा प्रश्न बराचसा मिटतो. दरपत्रकात स्क्रूचा आणि वॉशरचा प्रकार, दोन स्क्रूंमधले अंतर, कडेचे अंतर हे वेगळे लिहून घ्यावे.

वाऱ्यानंतर उन्हाचे. सोलापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि पारा चाळिशीच्या वर असतो तोही याच दिवसांत. छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. गडद रंगाचा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो. पहाटे तोच २५ अंशांवर असतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे २४ मीटर लांबीचा अखंड पत्रा ४० अंशांच्या फरकाने साडेअकरा मिलिमीटर लांबतो आणि रात्री तेवढाच आक्रसतो. ॲल्युमिनियमचा असेल, तर जवळपास दुप्पट. सकाळी ऊन चढताना किंवा दुपारी ढग आडवा आला, की शेडमध्ये जो टणटण आवाज येतो, तो या सरकण्याचा. पत्रा स्क्रूंना रोज ढकलतो, भोके हळूहळू लांबट होतात. म्हणून फार लांब अखंड पत्र्यांसाठी सरकत्या क्लिपांची पद्धत वापरतात, किंवा मध्ये जोड देतात.

पत्र्याला पन्हळ का, याचे उत्तर मात्र सोपे आहे. सपाट पत्रा हाताने वाकतो. तोच घड्या घालून दुमडला, की धातूचा भाग मधल्या पातळीपासून वर-खाली दूर जातो आणि वाकण्याला विरोध अनेक पटींनी वाढतो. १८२९ मध्ये लंडनमध्ये हेन्री पामर या अभियंत्याने अशा पत्र्याचे पेटंट घेतले. जस्ताचा मुलामा त्यानंतर आला. जस्त हवा-पाण्यात स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते, कापलेल्या कडेलाही थोडेफार सांभाळते. पण ग्राइंडरने पत्रा कापला, तर उष्णतेने मुलामा जळतो आणि ठिणग्यांबरोबर उडालेले लोखंडाचे कण पत्र्यावर रुतून गंजतात. पत्र्यासाठी कातरच वापरावी, आणि ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढावा.

पावसाच्या बाबतीत सोलापूरची एक खासियत लक्षात घ्यायला हवी. पत्रे टाकताना रूढ नियम असा, की पश्चिमेकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्याला जोडाचे तोंड मिळू नये, म्हणून पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करायची. कोकणात हे पुरेसे असेल. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरचा, आणि परतीच्या दिवसांत वारा पूर्वेकडूनही पाणी मारतो. शिवाय दोन पत्र्यांमधल्या अरुंद फटीत पाणी केशाकर्षणाने आपोआप वर चढते. त्यामुळे इथे आडव्या जोडांत सीलंटची पट्टी आणि जोडाचे बारीक स्क्रू, दोन्ही हवेत.

कधी कधी गळती पावसाची नसतेच. टॉवेलच्या डाइंग-हाउसमध्ये वाफ भरपूर असते. जानेवारीच्या निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, वाफ त्याच्या पोटाला लागून थेंब धरते, आणि गंज घेऊन आलेला तो थेंब पांढऱ्या टॉवेलवर पडतो. माल नाकारला जायला एवढा डाग पुरे. अशा वेळी सीलंट थापून उपयोग नाही. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि आढ्याशी वाफ बाहेर पडायला वाट, हाच उपाय. मागांच्या शेडमधला उकाडा मात्र नुसती हवा खेळवून घालवता येत नाही, कारण कोरड्या हवेत सुती धागा वारंवार तुटतो. तिथे उष्णता मुळात आत येऊच न देणे फायद्याचे : वर पांढरा परावर्तक रंग आणि खाली इन्सुलेशन. नवा चकचकीत जस्ती पत्रा ऊन परतवतो खरा, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात तो कंजूष असतो. म्हणून पांढरा रंग त्याहून थंड राहतो.

हे सगळे काम करणारी माणसे उन्हामुळे पहाटेच वर चढतात. त्यांना सर्वाधिक धोका उजेडासाठी मध्ये टाकलेल्या पारदर्शक पत्र्यांचा आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचा असतो. जुने झाले की ते ठिसूळ होतात, धुळीने माखले की ओळखूही येत नाहीत, आणि त्यावर पाय पडला की माणूस थेट खालच्या यंत्रावर कोसळतो. चालायच्या फळ्या, खाली जाळी आणि कमरेचा दोर यांचा खर्च पत्र्याच्या दरातच धरायला हवा. तो ज्या दरपत्रकात नाही, ते स्वस्त असले तरी मालकाने परत पाठवावे.