फ्रिजमधील तापमान-सेन्सरचे दोषनिदान

घरगुती फ्रॉस्ट-फ्री (साचलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजमध्ये आतली थंडी मोजून नियंत्रक बोर्डाला कळवणारा छोटा भाग म्हणजे तापमान-सेन्सर. तो चुकीचे सांगू लागला की बाकी सगळे धडधाकट असूनही भाजी गोठते किंवा दूध नासते. आळ मात्र बहुधा गॅसवर किंवा कॉम्प्रेसरवर येतो आणि काहीशे रुपयांच्या बिघाडापायी घरमालक काही हजार मोजतो. म्हणून हे निदान पायरीपायरीने होणे महत्त्वाचे. जुन्या पद्धतीच्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये बहुधा असा सेन्सर नसतो. तिथे वायू भरलेल्या बारीक नळीचा थर्मोस्टॅट काम करतो आणि त्याची तपासणी वेगळी असते.

सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या टोपीत बंद केलेला थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो, उष्णता वाढली की घटतो. मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये हाच गुण नोंदवला होता. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात २५ अंश सेल्सिअसला रोध १० किलोओहम असतो, ४ अंशांना सुमारे २७ आणि शून्याला ३२–३३ किलोओहम. शून्याच्या आसपास एका अंशामागे रोध साधारण ५ टक्क्यांनी बदलतो. २५ अंशांना ५ किंवा २.७ किलोओहम असणारे सेन्सरही वापरात आहेत, त्यामुळे त्या मॉडेलचा तापमान आणि रोध यांचा तक्ता हाताशी हवा.

तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर ओळखणे सोपे असते. रोध अमर्याद किंवा शून्य दिसतो, बरेच बोर्ड दिवा लुकलुकवून किंवा पडद्यावर संकेतांक दाखवून सांगतात आणि कॉम्प्रेसर ठरावीक वेळाने चालू-बंद करत राहतात. खरा त्रास सेन्सर हळूहळू ढळतो तेव्हा होतो. आकडा शक्यतेच्या मर्यादेत असतो, म्हणून बोर्ड त्यावर विश्वास ठेवतो.

बहुतेकदा कारण ओलावा असते. टोपीला बारीक चीर पडते, आत पाणी शिरते आणि थर्मिस्टरला समांतर अशी विजेच्या गळतीची वाट तयार होते. त्यामुळे एकूण रोध कमी भरतो आणि बोर्डाला कप्पा खऱ्यापेक्षा उबदार वाटतो. समजा, ही वाट १०० किलोओहमची आहे. वरच्या प्रकारात बोर्डाला ४ अंश दिसायला खुद्द थर्मिस्टरचा रोध सुमारे ३७.५ किलोओहम व्हावा लागतो, म्हणजे आतले तापमान शून्याखाली अडीच अंशांपर्यंत गेलेले असते. पडद्यावर ४ आणि कप्प्यात कोथिंबीर काचेसारखी कडक, हे कोडे असे सुटते. उलट जोडणीच्या पिना गंजल्या तर रोध वाढतो, बोर्डाला थंडी पुरेशी वाटते आणि कॉम्प्रेसर लवकर थांबतो.

सेन्सर काढण्याआधी दाराचे रबर, आतला पंखा आणि हवा येण्याची भोके पाहावीत. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवावा. पडद्यावरचा आकडा पुरावा मानू नये, कारण अनेक फ्रिज तिथे फक्त ठरवून दिलेले तापमान दाखवतात. फ्रीझर गार पण खालचा कप्पा कोमट असेल तर शंका आधी डिफ्रॉस्टवर, म्हणजे हीटरने बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेवर घ्यावी. बाष्पित्रावरचा (थंडी तयार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरचा) वेगळा सेन्सर खोटी उष्णता दाखवत असेल तर हीटर लवकर बंद होतो, बर्फ साचत जातो आणि खाली जाणारी हवा अडते.

मोजताना प्लग काढावा आणि सेन्सरची जोडणी बोर्डापासून सोडवावी, नाहीतर बोर्डावरचे रोधही मोजणीत मिसळतात. इथेच नेहमीची चूक होते: मल्टिमीटर लावायचा, १० किलोओहमच्या आसपास आकडा दिसला की सेन्सर चांगला ठरवायचा. वरचा १०० किलोओहमची गळती असलेला सेन्सर २५ अंशांना ९.१ किलोओहम दाखवतो. खोली दोन अंशांनी गरम असेल असे समजून कोणीही तो पास करील. उलट नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असताना निरोगी सेन्सरही साधारण ५.३ किलोओहम दाखवतो आणि विनाकारण फेकला जातो.

निवाडा बर्फाच्या पाण्यात होतो. पेला कुटलेल्या बर्फाने भरून थोडेच पाणी घालावे, टोपी मधोमध बुडवावी, जोडणीचे टोक कोरडे ठेवावे आणि ढवळत पाच-दहा मिनिटे थांबावे. निरोगी सेन्सर ३२–३३ वर स्थिरावतो. तोच गळका सेन्सर २४–२५ किलोओहमवर अडकतो. आकडा स्थिर न होता घसरतच राहिला तर पाणी आत शिरते आहे. मग सेन्सर मुठीत धरावा. आकडा सलग उतरला पाहिजे. तार हलवताच आकडा उडी मारत असेल तर आत तुटलेला धागा आहे.

सेन्सर निर्दोष निघाला तर त्याच्या जागी २७ किलोओहमचा साधा रेझिस्टर लावून पाहावा. सेन्सरचे वाचन दाखवणाऱ्या बोर्डावर ४ अंशांच्या आसपास आकडा आला नाही, तर बिघाड बोर्डात किंवा मधल्या तारेत आहे.

नवा सेन्सर त्याच तक्त्याचा हवा. २५ अंशांचा आकडा जुळणे पुरत नाही. सांधा ओलाव्याबंद करावा, नुसती टेप गुंडाळू नये. अनेक नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, म्हणून आतल्या कप्प्यात सोल्डरिंग किंवा सांध्यावरची प्लास्टिकची नळी लायटरने आकसवणे टाळून दाबून बसणारे, जेल भरलेले कनेक्टर वापरावेत.